निळा पिंजरा

"ताट वाजवा! जोरात!" राजपालमामा ओरडले.

गल्लीतल्या हरिबांनी ताट बडवलं, तसा कडुलिंबावर बसलेला नवाब आणखी दोन फांद्या वर गेला!

"मामा, पोपट हाय तो, टोळधाड न्हाय!" बुद्धघोष म्हणाला.

नवाब शेजारच्या फातिमाबींचा. त्यांना डोळ्यांनी अंधुक दिसायचं. दारात कुणी आलं की नवाबच ओरडून वर्दी द्यायचा. लोहाऱ्याला लग्नाला जाताना त्यांनी पिंजरा श्रावस्तीच्या घरी ठेवला होता. आज चारच्या गाडीनं त्या तेरला परतणार होत्या, आणि तीन वाजून गेले होते!

"मिनाजनं कडी लावली न्हाय," असं श्रावस्तीनं सकाळीच सांगून टाकलं होतं. मिनाज ही फातिमाबींची नात. नवाबला दाणे घालायला तीच यायची. सकाळपासून ती बोलणी खात होती.

"भुकेला हाय तो," बुद्धघोष धाकट्या बहिणीला, श्रावस्तीला म्हणाला. "दाराशी येतो, डोकं आत घालतो आन् परत उडतो. असं का?"

"रंगाचा वास येतोय," मिनाज हळूच बोलली. "पिंजरा गंजका होता. आता निळा कसा? अन् नवाबची बाभळीची काडी कुठंय? हा पाइप कुणी घातला?"

सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. बुद्धपौर्णिमेसाठी त्यांनी कालच फाटक निळं केलं होतं.

"म्या फकस्त फाटक रंगवलं!" मामा म्हणाले. "मला वाटलं, पिंजरा पहिल्यापासून निळाच हाय!"

श्रावस्तीचे कान तापले. फातिमाबी खूश होतील म्हणून पहाटे तिनंच उरलेला रंग फासला होता. कुरतडलेली काडी घाण दिसते म्हणून फेकून तिच्या जागी पाइप अडकवला होता. आणि दार उघडं ठेवून ब्रश धुवायला गेली होती.

ती घरामागं धावली. सरपणातून काडी ओढून आणली.

"सापडली!" ती म्हणाली. हे दुसरं खोटं.

"मामा, तुम्ही आन् हरिबा आत जा. ताटासकट!" बुद्धघोषनं फर्मावलं.

मिनाजनं आजीची जुनी ओढणी पिंजऱ्यावर टाकली. काडी अर्धी दाराबाहेर ठेवली, आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ. दाराला सुतळी बांधून तिघं पाठ करून बसली.

फडफड! काडीवर नखांची खरखर. मग चोचीचा ओळखीचा आवाज, कुट् कुट्!

बुद्धघोषनं सुतळी ओढली. खट्!

"आला! नवाब आला!"

तेवढ्यात फातिमाबी पिशवी सावरत फाटकातून आल्या. मामा पुढं झाले.

"मिनाजकडून कडी राहिली, पण आमच्या श्रावस्तीनं काडी शोधली! लई हुशार पोरगी!"

फातिमाबींनी श्रावस्तीच्या डोक्यावरून हात फिरवला. "जीती रह, बेटा."

तो हात तिला सोसवेना. जमिनीत शिरावंसं वाटलं. मिनाज ओढणीची घडी घालत होती.

"आजी, कडी मीच लावली न्हाय," श्रावस्तीला रडू फुटलं. "रंग मी दिला, काडी मी फेकली. आन् सकाळपासून मिनाजचं नाव घेतलं. नवाबला आत तिनंच आणलं."

फातिमाबींनी पिशवी खाली ठेवली. "मला कशाला सांगतीस? दिवसभर ऐकून घेतलं तिनं. तिच्याकडं बघून बोल."

श्रावस्तीनं मान वर केली. तेवढंच लई अवघड गेलं. "मिनाज, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," मिनाज म्हणाली.

"आता कसं!" फातिमाबी म्हणाल्या. "मघाशी हुशारीला जीती रह म्हटलं, ते आता खरं बोलल्याबद्दल घे. अन् मिनाज, खरी शाबासकी तुझी. नवाबला तूच आणलंस."

मिनाजनं डोळे पुसले. "श्रावस्ती, उद्या सकाळी पॉलिश पेपर घेऊन ये. सगळा रंग तू घासायचा. मी बसून बघणार!"