तांब्यावर न उमटलेला

माझा भाऊ यूरियान वसंतात परत आला तेव्हा एन्कहौझन बंदरातल्या आमच्या सगळ्या गल्लीने त्याला मिठी मारली. मी मारली नाही.

बाबांना नको नको ते बोलून तो तरुणपणी जहाजावर चढला होता. शिडं शिवून शिवून बाबांचे डोळे पुढे पार गेले. आता हा आला, त्यांच्या पायांशी बसला, माफी मागितली आणि त्यांनी लगेच दिली. लहानपणीच्या खोड्या याला तोंडपाठ होत्या. तरी तो उठला की खुर्ची ओलसर लागायची. आणि वास यायचा... ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या गाळाचा.

शेजारचा लुबर्ट तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा. त्याला बायबलमधल्या, घर सोडून गेलेल्या आणि परतून बापाची माफी मागणाऱ्या उधळ्या पुत्राचं चित्र करायचं होतं.

“आल्टये, देवाने तुमच्याच घरात मांडून ठेवलंय बघ,” तो मला म्हणाला.

मी लगेच हो म्हटलं. तो चेहरा आणखी कुणीतरी नीट बघायला हवाच होता.

खिडकीशी, उन्हात, दोघं बसले. भाऊ गुडघ्यांवर, बाबांचे हात त्याच्या पाठीवर. मेण लावलेल्या पत्र्यावर लुबर्टची सुई करकरत होती. मी मागे उभी राहून पाहिलं. नाक, दाढी, मिटलेले डोळे... सगळं आलं होतं.

सुईने मेण निघालं तिथलं तांबं खायला पत्रा तेजाबात बुडवून, मग रेघांत शाई भरून त्याने पहिला छाप काढला आणि मला बोलावलं. कागदावर लुबर्टने मनाने घातलेल्या पायऱ्या होत्या, कुत्रा होता, वाकलेले बाबा होते. त्यांचे दोन्ही हात कोऱ्या कागदावर टेकलेले होते.

“मेण खरवडलं गेलं नसेल,” मी म्हटलं.

“सुई तांब्याला लागली होती गं. बाकी सगळं तेजाबाने खाल्लं. याला शिवलंच नाही.” लुबर्टने आवाज खाली आणला. “तुझा भाऊच आहे ना हा?”

मी घरी आले. तो मागच्या अंगणात सरपण आणायला गेला होता. मी बाबांच्या कानाशी लागून सगळं सांगितलं.

“ठाऊक आहे मला,” बाबा म्हणाले. “पहिल्या दिवशी पाठीवर हात ठेवला, तेव्हाच कळलं. श्वास नाही त्याला.”

“मग घरात का घेतलंत?”

“माझं लेकरू बुडालं, आल्टये. बुडाल्यावरही माफी मागायला इथवर आलं. मेलंय म्हणून दार लावून घेऊ?”

त्या दिवसापासून माझा संशय विरला. मी त्याला पहिल्यांदा ‘दादा’ म्हणून हाक मारली, त्याच्या वाडग्यात मटारचं गरम सूप वाढलं. वासाचीही सवय झाली.

थंडी सरताना दारावर थाप पडली. दूर पूर्वेकडच्या बटाव्हिया बंदराहून आलेला एक खलाशी होता.

“वोल्फर्ट शिडवाल्यांचं घर हेच ना? यूरियानने निरोप दिलाय. खुशाल आहे, लग्न केलंय तिकडे. म्हणाला, बाबांना सांग, जमलं तर माफ करा.”

“कधी... कधी भेटला तुम्हाला?”

“अहो, गेल्या उन्हाळ्यात तिकडून निघताना धक्क्यावर तोच तर सोडायला आला होता.”

माझा हात दाराच्या कडीवरच राहिला. आतून बाबांनी विचारलं, “यूरियान, कोण आलंय रे?”

आणि माझ्या अगदी पाठीमागून, भावाच्या आवाजात उत्तर आलं, “कुणी नाही, बाबा. वारा आहे. आल्टये दार लावतेय.”