एका मताची गाडी

युसुफ बागवानने गाडी ढकलत प्रयोगशाळेत आणली, तेव्हा तिच्या तळातून गंजाचा भुगा पांढऱ्याशुभ्र फरशीवर सांडत होता. डॉ. शर्वाणी मिठारीने आधी फरशीकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आत्या, अगं ही अजून चालते?"

"मी हाकतो तवर चालती," हौसाआत्या गाडीतूनच म्हणाली. कोल्हापूरच्या बायका स्वतःविषयी पुरुषासारखं बोलतात, आणि आत्या तर सगळं पुरुषासारखंच करायची. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. नवऱ्याने मरण्याआधी एक शहाणपण केलं होतं. गाडीचा वेग आणि ब्रेक हाताने चालवता येतील असा लोखंडी दांडा बसवून दिला होता. त्याच्या जोरावर आत्या एकटी डोंगरातल्या वाड्यावाड्यांवर मधाच्या पेट्या बघत फिरायची. विनाचालक गाड्या तिकडे फिरकतसुद्धा नसत.

आता गाडीला वीस वर्षं होत आली होती. पुढे तपासणीत उत्तीर्ण व्हा, नाहीतर मोडकेंद्रात जा, असा कायदा. ही गंजकी बया उत्तीर्ण होणं शक्यच नव्हतं.

"ही गेली की मी घरात बसलो म्हणून समज," आत्या म्हणाली. "खाटंवर. भिंतीकडं बघत."

आत्या आणि खाट, ही जोडी शर्वाणीला कल्पनेतही सहन होईना.

"युसुफ, जुन्या बाजारात या गाडीचे भाग मिळतात ना?"

"ढिगानं! एकदम धडधाकट." युसुफ तिचा कॉलेजातला मित्र. पदवी घेऊन उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप चालवायचा. "गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाची निम्मी गाडी एकदम बदलली. किल्ली फिरवली तर ढिम्म! सगळं परत काढलं."

"ढिम्मच राहणार. ओळखकण कशासाठी बसवलेत?" शर्वाणी टेबलावर टेकली. "प्रत्येक भागात एक कण आहे. चालताना शेजारच्या भागांचा थरथराट तो लक्षात ठेवतो. किल्ली फिरवली की प्रत्येक भाग मत देतो, आजूबाजूचे ओळखीचे की परके. निम्म्याहून जास्त मतं ओळखीची पडली, तरच गाडी सुरू होते. चोरलेले भाग दुसऱ्या गाडीत चालू नयेत, म्हणून ही सोय."

"चोरांचं काय वाकडं झालं नाही, आमचं दुकान मात्र बसलं!"

"ऐक तर. हा कण शिकायचं थांबत नाही आणि शिकलेलं विसरत नाही. झिजलेल्या भागाचा थरथराट बदलतो, तोही त्याला शिकावा लागतो. म्हणजे एका वेळी एकच परका भाग बसवला तर?"

युसुफने डोळे बारीक केले. "तो एकटा बोंबलणार. बाकीचे म्हणणार, चल, आपलीच गाडी आहे."

"आणि थोडे दिवस एकत्र चालले की तोही घरचा होणार. मग पुढचा भाग."

"नव्या सुनेसारखं," आत्या म्हणाली. "एकदम चार सुना आणल्या तर घर फुटतंय. एकेक आणायची, रुळू द्यायची."

तसंच झालं. युसुफ एक भाग बदलायचा, आत्या त्यावर डोंगर पालथा घालायची, मग पुढचा. गंजकी दारं गेली, पत्रा गेला, चाकांचे आस गेले. "फक्त सडलेले बदल, दहा-बारा चांगले आहेत ते राहू देत," असं शर्वाणीने बजावलं होतं. पण युसुफ पडला पक्का कोल्हापुरी. एकदा हातात घेतलं की अर्ध्यावर सोडणं त्याच्या रक्तातच नाही. त्याने इंजिन बदललं, आणि शेवटी खालचा सांगाडाही बदलला. जुन्यातला राहिला तो फक्त आत्याच्या नवऱ्याचा दांडा. त्या साध्या लोखंडात ना कण होता ना मत.

"वेडा आहेस का तू?" शर्वाणी त्याच्यावर भडकली. "कारण नसताना महिना घालवलास!"

"कामात कुचराई नाही करायची आपण," युसुफ शांतपणे म्हणाला.

काढलेले भाग मोडकेंद्रात जमा करायचा नियम होता. युसुफ ते टेम्पोत फेकणार, तेवढ्यात आत्या कडाडली.

"असं फेकतोस? मला एवढं फिरवलंय त्यांनी! सगळे एका घरातले. जोड परत, मग ने."

तिच्यापुढे कुणाचं चालतंय? गंजके भाग जुन्या सांगाड्यावर पुन्हा बोल्टने आवळले गेले. आत्याने त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि डोळे पुसले.

मोडकेंद्राच्या दारात निरीक्षक तेरदाळे यांच्या यंत्राने आधी नवी झालेली गाडी हलवून तिच्या भागांची मतं घेतली. हिरवा दिवा लागला. मग टेम्पोवरचं धूड हलवलं. पुन्हा हिरवा! पाठोपाठ दोन्ही दिवे लाल झाले. पडद्यावर आलं, 'एकच गाडी, दोन ठिकाणी.'

"हा काय चमत्कार?" तेरदाळे चष्मा सावरत म्हणाले. "एका क्रमांकाची एकच गाडी असते, बाई. यातली खरी कुठली?"

"जुनीच खरी. तिचे सगळे भाग मूळचे आहेत," शर्वाणी खरं ते बोलून गेली.

"मग ती मोडीत." त्यांनी कळ दाबली. धूड सरकत दाबयंत्राखाली गेलं. "आणि हा गेला अंत्यसंदेश."

शर्वाणीचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबा! थांबवा तो!"

"गेला की हो."

"काय झालं गं?" आत्याने विचारलं.

शर्वाणी भरभर सांगू लागली. "अंत्यसंदेश म्हणजे यादी, मोडीतले भाग कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. जुन्या गाडीच्या निम्म्याहून जास्त भागांना जो भाग ओळखीचा, तो यादीत जातो. यादी सगळीकडे पोचते. ज्या गाडीचे निम्म्याहून जास्त भाग यादीत सापडतील, ती कायमची बंद. आत्या, आपले नवे भाग जुन्यांबरोबरच रुळले गं! ते ओळखतात त्यांना! मीच घात केला."

पलीकडे दाबयंत्राचा आवाज तेवढा येत होता. आत्याने एकदा भाचीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि किल्ली फिरवली.

गाडी गुरगुरली आणि सुरू झाली.

"आयला!" युसुफ ओरडला.

शर्वाणी बोटांवर हिशोब करू लागली, आणि एकदम हसू-रडू एकत्र फुटलं. "अरे, जे भाग आधी आले, त्यांना निम्म्याहून जास्त जुन्यांनी पाहिलं. ते यादीत गेले. पण जे उशिरा आले, ते येईतोवर निम्मे जुने बाहेर पडले होते! त्यांना ओळखणारे थोडे. यादीत सापडलेल्यांपेक्षा न सापडलेले एकाने जास्त. एका मताने वाचलो, युसुफ!"

"आणि तुझं ऐकून ते दहा-बारा जुने ठेवले असते तर?"

"ते सगळेच्या सगळे यादीत असते. संपलं असतं."

"कुचराई नाही करायची," युसुफ म्हणाला. शर्वाणीने त्याला कोपरापासून हात जोडले.

तेरदाळे मात्र डोकं खाजवत होते. "अहो, पण तो क्रमांक आता मेला. मग ही गाडी कुणाची? यंत्र म्हणतंय, अशी गाडी जगात नव्हतीच." त्यांनी नियम वरखाली चाळले, सुस्कारा सोडला आणि नोंद केली. "नवीन गाडी. जन्म आजचा. वीस वर्षं तपासणी नाही."

"वीस?" आत्याने बोटांवर मोजलं. "म्हंजे मी चौऱ्याण्णव. तवा बघू, कोण मोडीत जातंय ते." तिने मान बाहेर काढली. "युसुफ, फाटक उघड. वरच्या वाडीतल्या पेट्या दोन आठवडे बघितल्या नाहीत मी."