कोणतीही कळ दाबा

चंद्रावरचा निवारा बिघडला नव्हता. तो वाट बघत बसला होता. आतल्या छोट्या कॅमेऱ्यात त्याचा पडदा स्पष्ट दिसत होता: 'एक चकती सापडत नाही. पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा.'

दाबणार कोण? तिथं चिटपाखरू नव्हतं. माणसं पोचायच्या आधी आपला आपण जागा व्हावा म्हणून तर तो बांधलेला. आता माणसं पोचली होती, हमीद आणि ललिता. उतरयानात बसून बंद दाराकडे बघत होती, आणि त्यांच्याकडे हवा उरली होती चार तासांची.

"इथून आज्ञा पाठवा की," पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षात डॉक्टर वैशंपायन म्हणाले. निवाऱ्याचे मुख्य रचनाकार ते. शाली आणि श्रीफळांनी त्यांचं कपाट भरलं होतं.

"ऐकणार कोण, सर?" मुक्ता म्हणाली. ललिता तिची धाकटी बहीण. "संगणक जागा व्हायच्या आधी चकती-नियंत्रक जागा होतो. ही ओळ त्याच्याच पोटात कोरलेली आहे. माहिती साठवणाऱ्या दोन चकत्यांतली एक फिरायला उशीर करते, तो घाबरतो आणि माणसाला विचारतो. कळ दाबल्याशिवाय संगणक नाही, आणि संगणकाशिवाय त्याचा रेडिओ नाही. फक्त वीजघराचा रेडिओ वेगळा आहे. त्यावर कॅमेरा आणि हीटर एवढंच चालतं."

"पण वर पाठवण्याआधी त्याच्या इथं चाळीस चाचण्या झाल्या! चाळीसही निर्मनुष्य, चाळीसही यशस्वी!"

दाराशी दुर्पदाबाई पोछा पिळत होत्या. "निर्मनुष्य म्हंजे मला माणसात धरलं न्हाई व्हय?"

सगळे वळले.

"सकाळी झाडायला यायची, तर ते रडं मशीन तिथंच आडून बसलेलं. कळ दाबा म्हनायचं, मी दाबायची. मग तुम्ही धा वाजता येऊन टाळ्या वाजवायचे."

डॉक्टर लालबुंद झाले. "सांगितलं का नाहीत?"

"इचारलं कुनी? त्या खोलीत कुनी माज्याशी बोललंय का कधी, 'पाय उचलतो' सोडून?"

चाळीस अहवालांवर अकरा पदवीधरांच्या सह्या होत्या. रात्री सगळे घरी जातात, सकाळी यंत्र चालू दिसतं, मधे कोण येतं हे बघायला एकालाही मान वळवावीशी वाटली नव्हती. झाडणारी माणसं त्यांच्या हिशेबात वाऱ्यासारखी.

मुक्तानं खुर्ची पुढे ओढली. "बसा, बाई. रोज दाबावी लागायची?"

"वैशाखात न्हाई. खोली तापायची, मग कळांवरचं पत्र्याचं झाकन फुगून आपलं आपनच कळीवर बसायचं."

मुक्ता उठलीच. "हीटर! पूर्ण लावा!"

"हे शास्त्र नव्हे," डॉक्टर पुटपुटले.

"शास्त्र बाहेर हवा मोजत बसलंय, सर."

दोन तास झाकण तापलं. मग ते किंचित वाकलं, कळीवर टेकलं, आणि पडदा हलला. दिवे लागले, हवा भरू लागली. खोलीत टाळ्या वाजल्या. वाजवायला हे कायम तयार.

तेवढ्यात ललिताचा आवाज आला. "ताई, दार उघडत नाहीये. 'आतल्या व्यक्तीने परवानगी द्यावी' असं म्हणतंय. आत कोण आहे?"

मुक्तानं डॉक्टरांकडे पाहिलं.

"कळ दाबली गेली म्हणजे माणूस आत आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "तसा नियम आहे. माणूस आत असेल तर त्यानं कळ दाबल्याशिवाय बाहेरचं दार उघडायचं नाही. पृथ्वीवरून आलेली आज्ञाही घ्यायची नाही. हवा निसटून तो मरू नये म्हणून."

"कुणी लिहिला?"

"...मी."

"मग पुन्हा दाबू."

"आधी कळ सुटायला हवी. झाकण गार व्हायला सहा तास."

हमीद-ललिताकडे उरले होते पावणेदोन.

मुक्तानं नियमांची वही ओढली आणि बोट ठेवून वाचत गेली. एका ओळीवर ती थांबली. मग रेडिओ उचलला.

"ललिता, दाराला हात लावू नका. हळू श्वास घ्या. निवारा आतल्या माणसाला दर दहा मिनिटांनी विचारतो, बरे आहात का, कळ दाबा. अडकलेली कळ उत्तर देत नाही. नव्वद मिनिटं उत्तर आलं नाही, तर तो माणूस मेला असं धरतो आणि मदतीला आलेल्यांसाठी दार मोकळं करतो."

"म्हणजे जो नाहीच, त्याच्या मरणाची वाट बघायची?"

"हो. आणि आपण त्याच्या मागून जायचं नाही."

नव्वद मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत बसले. डॉक्टर दोनदा काही बोलायला गेले. दोन्ही वेळा दुर्पदाबाईंनी नुसतं बघितलं.

मग पडद्यावर उमटलं: 'आतली व्यक्ती मृत. ईश्वर आत्म्यास शांती देवो. दार मोकळे.' ही ओळही डॉक्टरांचीच.

हवा संपायला अकरा मिनिटं असताना दोघं आत शिरली. दार लागलं. शिरस्त्राण काढून ललिता आधी पोटभर श्वास घेत राहिली, मग हुंदक्यासारखं हसली.

"ताई, इथं आणखी एक ओळ आली आहे. 'मृतदेह बाहेर नेल्यावरच हवा पूर्ववत सुरू होईल. नेला असल्यास कोणतीही कळ दाबा.'"

"मग?" मुक्ता ओरडली.

"मग काय," ललिता म्हणाली, "आता बोट आहे ना."