छपराखालची लोकर

आर्वीचा पाय एका जागी ठरत नव्हता. रेशीम अळ्यांच्या शेडमध्ये पारा पस्तिसावर गेला होता आणि रॅकवरच्या हजारो अळ्यांनी तुतीची पानं खाणं थांबवलं होतं. कोष विणायला चारच दिवस उरले होते.

"सकाळी एवढी लोकर पसरली, तरी गरम कसं?"

आर्वीच्या प्रश्नावर आईने वर पाहिलं. वर तापलेला पत्रा, खाली प्लायवूडचं छत आणि मधे जेमतेम दीड हाताची पोकळी. मोठं माणूस तिथे शिरूच शकत नव्हतं. म्हणून आर्वीने आणि ठेंगूने, म्हणजे शेडची देखभाल करणाऱ्या मांजराएवढ्या यंत्रमानवाने, तिथे मेंढीच्या लोकरीचा उष्णतारोधक (उष्णता अडवणारा) थर अंथरला होता. सरपटायला जागा हवी म्हणून आर्वीने तो थापटून सतरंजीसारखा चपटा केला होता.

"मी पुन्हा वर जाते."

"ऊन उतरल्याशिवाय नाही," आई म्हणाली.

आर्वी येरझाऱ्या घालू लागली. ठेंगूने छताखालून फिरत उष्णता मोजली. "एकच कोपरा थंड आहे. पार टोकाचा."

"तिथे तर माझा हातच पोचला नाही. लोकर नुसती भिरकावली होती."

"मग तिथे काय जास्त आहे?"

आर्वी थबकली. लोकर तेवढीच होती, फक्त फुगलेली. तिने उरलेल्या लोकरीच्या पोत्यातला पुंजका उचलून मुठीत दाबला आणि सोडला. तो पुन्हा फुलला.

"हवा," ती हळूच म्हणाली.

"बरोबर. मोकळी हवा फिरते आणि उष्णता वाहून नेते. धाग्यांत अडकलेल्या हवेला हलता येत नाही. उष्णता अडवते ती मुख्यतः हीच स्थिर हवा."

"आणि मी तीच दाबून बाहेर काढली. पण फुगवली तर सरपटायचं कुठून?"

मग तिलाच सुचलं. अंगण सारवताना आई मागे मागे सरकते, तसंच करायचं.

पाच वाजता ती वर चढली. टोकापासून लोकर पिंजत, फुगवत, उलटी सरकत पोकळीच्या तोंडाशी आली. कोपरं खरचटली, नाकात धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पारा तिसावर थांबला. आई कान देऊन उभी होती. रॅकवरून पानं कुरतडल्याचा आवाज येत होता.

"ठेंगू, आमच्या शाळेच्या तापणाऱ्या पत्र्याखाली किती जागा आहे रे?"

"एक हात. तू मावशील. यंदा तरी."

आर्वी उरलेली पोती मोजायला पळाली.