खड्ड्यातले ससे

मैदानाच्या कडेला पाण्याच्या पाइपासाठी खणलेल्या खड्ड्यातून सशांचे कान वर आले होते. पांढरे, मऊ रबराचे, पिवळ्या चिखलानं माखलेले. लहान मुलांच्या खोलीत लावायचे जुने, बिघडलेले दिवे कुणीतरी तिथं आणून ओतले होते.

प्रत्येक सशाच्या पोटावर दुकानाचं नाव होतं. त्यामुळे पर्यावरण खात्याच्या तपासनिसाला मालकीण शोधायला डोकं शिणवावं लागलं नाही. त्यानं नोटीस धाडली आणि त्याच संध्याकाळी इंटरनेटवरच्या बाजारातून तिचं दुकान गायब झालं.

"उद्या दुपारी सुनावणी आहे, वहिनी," सशावाली म्हणाली. ओळखीचे सगळे तिला याच नावानं हाक मारत. "दिवे बाहेर कसे गेले ते सांगता आलं नाही, तर नोंदणीच रद्द. पुन्हा मिळायची नाही."

वहिनींनी विमा कंपनीसाठी आगीचे दावे तपासण्यात निम्मं आयुष्य घालवलं होतं. आता त्या लोकांची खाजगी कामं घेत. सोबतीला त्यांचे धाकटे दीर असत. ते 'वहिनी' म्हणत, म्हणून अशील लोकही तेच म्हणू लागले होते.

"नोंदणी कसली?" भावोजींनी विचारलं. दारातल्या बाबागाडीला अडखळून ते नुकतेच आत आले होते आणि अजून गुडघा चोळत होते.

"नवा नियम आहे. जो वस्तू विकतो, त्यानंच ती मोडल्यावर परत घ्यायची आणि कारखान्यात पाठवून तिचा पुनर्वापर करायचा. दिवा, सेल, खोकं, सगळं. त्याची नोंदणी असते. तो क्रमांक नसेल तर बाजारवाले दुकान लावूच देत नाहीत." तिनं डोळे पुसले. "मी एकही दिवा कचऱ्यात टाकलेला नाही हो. बिघडलेला ससा कारखान्यात पाठवण्याआधी आम्ही त्याचा सेल काढतो. चपटे, बटणासारखे असतात ते. पोरानं गिळला तर घसा जाळतो. त्या मैदानावर पोरं खेळतात, वहिनी! एखाद्यानं उचलून तोंडात घातला असता तर?"

"भलतंसलतं मनात आणू नकोस," कोपऱ्यातून तिची आई म्हणाली. मांडीवरच्या नातीला ती भरवत होती. "सेलबिल काही नव्हतं त्यात. आधी तू दोन घास खा. कालपासून उपाशी आहेस."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. आजींनी एका हातानं ठमीचं तोंड पुसलं, दुसऱ्यानं फोन घेतला. गिऱ्हाइकाला 'दुकान तात्पुरतं बंद आहे' असं गोड आवाजात सांगितलं आणि ठेवून दिला.

"आई नसती तर मी कधीच बुडाले असते," सशावाली म्हणाली. "नवरा जहाजावर. ठमी, घर, फोन, सगळं आईवर."

आजींनी भावोजींपुढे बिस्किटांचा पुडा ठेवला. त्याचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलेलं होतं. भावोजींनी एका झटक्यात पट्टी काढली.

"वा! आमच्या घरी पट्टीचं टोक शोधता शोधता चहा निवतो."

"टोक दुमडून ठेवते मी," आजी हसल्या. "आताशा नखाला सापडत नाही ना."

भावोजींनी तीन बिस्किटं उचलली. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा एक परत ठेवलं.

मागच्या खोलीत कामाची जागा होती. एका फळीवर परत आलेले ससे, खाली खोकी, कोपऱ्यात वाळूनं भरलेलं पिंप. आजी ठमीला निजवायला गेल्यावर सशावालीनं आवाज खाली आणला.

"एक सांगायचं राहिलं. मी दुसऱ्या शहरात मोठं गोदाम ठरवलंय. बंदर जवळ आहे, नवऱ्यालाही सोयीचं. पुढच्या महिन्यात मी आणि ठमी तिकडे जाणार. हे सगळं मिटलं तरच."

"आणि आई?"

"तिला अजून सांगितलं नाही. सांगायला जाते आणि शब्दच फुटत नाहीत."

वहिनी टेबलाकडे वळल्या.

पॅकिंग करणाऱ्या बाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांना बहुतेक आपल्यावरच संशय येणार असं वाटत होतं. त्या आधीच चिडलेल्या होत्या.

"माझ्याकडे किल्ली आहे, हो. म्हणून काय मी चोर? दिवे चोरून खड्ड्यात टाकायला मला काय वेड लागलंय? दुकान बंद तर माझी चूल बंद."

"चोर कोण म्हणतंय?" वहिनी म्हणाल्या. "सेलचं काय करता, ते दाखवा फक्त."

बाईंनी एक चपटा सेल घेतला, चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांत सँडविचसारखा दाबला आणि कडा कात्रीनं सारख्या कापल्या. "उघडे सेल एकमेकांना लागले की पेटतात. म्हणून प्रत्येकाला असं बंद करायचं आणि वाळूत टाकायचं. पिंप भरलं की टेम्पो येतो."

"शेवटचं कधी गेलं?"

"गेल्या आठवड्यात. आता तळाशी थोडे असतील. फळीवर दिवे तरी किती आहेत, बघा ना."

फळीवर मोजके ससे होते. वहिनींनी बाही वर केली आणि पिंपात हात घातला. मूठ भरून बाहेर आली. दुसरी मूठही. बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बाई! एवढे कुठून आले?"

वहिनींनी सेल टेबलावर पसरले. काही कात्रीनं नीट कापलेले होते. बाकीच्यांना पट्टी गुंडाळलेली होती. भावोजींनी एक उचलला, सहज सोलला आणि पुन्हा गुंडाळून ठेवला.

"कोणत्याही दिव्याचे असतील," ते म्हणाले.

"दिवे कुठे आहेत पण, भावोजी?"

टेम्पोवाला गल्लीच्या तोंडाशी गाडी पुसत होता. "मला सील ठोकलेलं पोतं मिळतं, ताई. कारखान्यात माझ्यासमोर सील फोडतात. वाटेत एक ससा जरी उतरला तरी मीच अडकणार. आणि टाकायचेच असते, तर भर वस्तीतल्या मैदानावर टाकले असते होय? रस्त्यात नदी आहे की!"

सशावालीची जुनी भागीदार तिची शाळेपासूनची मैत्रीण होती. भांडून वेगळी झालेली. आता ती वाजणारी खेळणी विकत होती. तिनं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवला.

"आलात? वाटच बघत होते. कुठे काही मोडलं की खापर माझ्यावर."

"तक्रार फोनवरून झाली. आवाज बाईचा होता म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"जगात मी एकटीच बाई आहे का? अहो, आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांनी मिळून एकच संस्था काढलीय. टेम्पो एक, कारखाना एक. एकीच्या नावाला डाग लागला की सगळ्यांचे माल उघडून तपासतात. माझी सगळी खोकी कालपासून अडकून पडलीत. तिच्यावर राग आहे माझा, पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याएवढा नाही." मग जरा थांबून तिनं विचारलं, "रडत होती का खूप?"

तपासनीस कंटाळलेला होता. तक्रार करणाऱ्या बाईनं नाव दिलं नाही, पण नोंदणीचा लांबलचक क्रमांक न अडखळता तोंडपाठ सांगितला, एवढं त्याला आठवत होतं. जप्त केलेले ससे मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होते.

"उघडून पाहिलेत?" वहिनींनी विचारलं.

"पोटावर नाव आहे, पुरे झालं. उघडायला वेळ कुणाला आहे?"

वहिनींनी पर्समधून छोटा पेचकस काढला. पहिल्या सशाच्या पाठीचं झाकण उघडलं. आत सेल नव्हता. दुसऱ्यातही नव्हता. एकाही सशात नव्हता. आणि प्रत्येक झाकणाचा स्क्रू पुन्हा घट्ट पिळून बसवलेला होता.

"विचित्र माणूस," भावोजी म्हणाले. "फेकायचं ते फेकायचं, वर नीटनेटकं करून!"

वहिनींनी हातातला ससा ताडपत्रीखाली हळूच ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. परतीच्या वाटेवर त्यांनी फोन करून सगळ्यांना संध्याकाळी बोलावलं.

ऊन उतरताना सगळे कामाच्या खोलीत जमले. मैत्रीण दाराला टेकून उभी, टेम्पोवाला खोक्यावर, पॅकिंगच्या बाई टेबलाशी. ठमीला कडेवर घेऊन आजी चहा देत होत्या.

"सुरुवात टेम्पोपासून करते," वहिनी म्हणाल्या. "खड्ड्यातल्या दिव्यांचे सेल काढलेले होते, आणि ते सेल या पिंपात आहेत. म्हणजे दिवे याच घरातून, फळीवरून गेले. याच्या पोत्यापर्यंत पोचलेच नाहीत. दादा, तुम्ही घरी जा."

टेम्पोवाल्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि सुटल्यासारखा निघून गेला.

"या ताईंचा वेगळ्या झाल्यापासून इथं पाय नाही. फोन त्या करू शकल्या असत्या, पण पिंपात सेल टाकू शकल्या नसत्या. शिवाय त्यांचा स्वतःचा माल अडकलाय. तुम्हीही जा."

मैत्रीण निघाली. सशावालीजवळ थांबून तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि गेली.

"बाई सेल सँडविचसारखा बंद करतात, कात्रीनं कापतात. रोजची सवय आहे, हात दुसरं करणारच नाही. या पिंपातले बरेच सेल तसे नाहीत. बाई, तुम्हीही जा. उद्या कामावर या."

बाईंनी पदर खोचला आणि कोणाकडे न बघता बाहेर पडल्या.

भावोजींनी खोलीभर नजर फिरवली. टेबलाखालीही पाहिलं. "मग राहिलं कोण?"

ठमी आजीच्या गळ्यातल्या माळेशी खेळत होती.

वहिनींनी एक सेल पुढे केला. "याच्या पट्टीचं टोक दुमडलेलं आहे. गुंडाळलेल्या सगळ्या सेलचं आहे. भावोजी, सकाळी बिस्किटाचा पुडा तुम्ही एका झटक्यात उघडलात, आणि हा सेलही."

"अरे, हो की," भावोजी म्हणाले आणि मग त्यांना कळलं. ते खाली बघू लागले.

"काहीतरीच काय!" सशावाली हसायला गेली. "आई रिकाम्या वेळी मदत करते सेल गुंडाळायला. एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून नाही. सकाळी तू पोरांच्या काळजीनं बोलत होतीस. आजी म्हणाल्या, 'सेलबिल काही नव्हतं त्यात.' तुला ते माहीत नव्हतं. तपासनिसालाही नव्हतं, त्यानं झाकण उघडलंच नव्हतं. खड्ड्यातले ससे रिकामे आहेत, हे ज्यानं ते रिकामे केले त्यालाच माहीत असणार. दिवसभर दुकानाचा फोन घेणाऱ्या बाईला नोंदणीचा क्रमांक पाठ असतो. आणि बाबागाडीतून काय चाललंय हे बघायला कोण वाकतं?"

"आई?"

आजींनी ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नव्या बालवाडीतून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "तू अंघोळीला गेली होतीस. विचारत होत्या, मुलगी दुपारी झोपते का, झोपताना काय लागतं. मी सांगितलं, पाठीवर थोपटावं लागतं. ठेवल्यावर कळलं, ती बालवाडी कुठल्या शहरातली ते. मग तुझे गोदामाचे कागदही दिसले."

"मी सांगणारच होते."

"कधी? सामान गाडीत चढल्यावर?" आजींचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, थोडे दिवस दुकान बंद राहील. गोदामवाला दुसरं गिऱ्हाईक बघेल. लवकर सापडावेत म्हणून मैदानावर टाकले. तिथं पोरं असतात म्हणून बसून एकेक सेल काढला. कायमचं रद्द होतं, हे मला ठाऊक नव्हतं गं."

"काल रात्रभर माझ्या उशाशी बसलीस तू, आई. मी विचारत होते, कोणी केलं असेल. तू माझे केस कुरवाळत होतीस."

आजींनी ठमीच्या मुठीतून माळ सोडवून घेतली.

"मला विचारायचं होतंस. भांडायचं होतंस. थोबाडीत मारली असतीस तरी चाललं असतं." सशावालीनं दाराकडे बोट केलं. "बाहेरच्या सगळ्यांवर संशय घेतला मी. त्या बाईंवर. लहानपणच्या मैत्रिणीवर."

"उद्या मी येते. सगळं सांगते त्यांना."

"सांगावंच लागेल. दंड होईल तुला."

"होऊ दे."

वहिनींनी पर्स उचलली. भावोजी केव्हाचे दारात जाऊन उभे होते, बाबागाडी बाजूला सरकवून.

सशावाली पुढे झाली आणि तिनं ठमीला आजींच्या कडेवरून काढून घेतलं. ठमीची झोपेची वेळ टळली होती. ती किरकिर करायला लागली, मग मोठ्यानं रडायला लागली, आणि आजीकडे दोन्ही हात पसरून वाकली. सशावालीनं तिला खांद्यावर घट्ट धरलं, पाठीवर थोपटायला सुरुवात केली. ठमी काही केल्या थांबेना.

"जरा खाली," आजी म्हणाल्या. "कमरेपाशी. आणि हलक्या हातानं."

सशावालीनं पाठ फिरवली. खिडकीकडे तोंड करून ती बराच वेळ तशीच थोपटत राहिली. मग तिचा हात खाली सरकला, कमरेपाशी.

ठमी शांत झाली. आजी मधल्या दारात उभ्या होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही.