घागरीचं आजचं मोल

तो आला डबा घ्यायला, आणि डबा उलटा करून त्याचं बूडच बघत बसला.

केजच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान. साल शहाण्णव, हस्ताचा पाऊस, गिऱ्हाईक नाही म्हणून मी गादीवर बसून शेंगा खात होते. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती. माझ्यासाठी स्थळ शोधणं आणि दुकानासाठी घेणारा शोधणं, ही दोन्ही कामं घरात एकदमच चालू होती. त्यात हा नखशिखांत भिजलेला, चष्म्याच्या काचांवर थेंब घेऊन आलेला माणूस.

"चपटा डबा पायजे," तो म्हणाला. "झाकण घट्ट. आत थेंब न्हाई गेला पायजे."

"लोणच्याला का?"

"न्हाई... फ्लॉप्यांना."

फ्लॉपी म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण ते त्याला कशाला कळू द्यायचं? मी विचारलं, "ही कुठली भाजी ओ?" तर त्यानं शांतपणे खिशातनं एक काढून दाखवली, आणि कॉम्प्युटर म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. मी पण डोळे मोठे करून ऐकलं. बोलताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडत होती, म्हणून जरा जास्तच वेळ ऐकलं.

मग त्यानं डब्याच्या बुडाला चिकटवलेली चिठ्ठी बघितली. "हे काय लिवलंय? क, स?"

"आमची खूण हाय."

"काय कळतं त्यातनं?"

"घरच्यांना कळतं काय कळायचं ते."

"अन् भायेरच्यांना?"

"भायेरच्यांना छत्तीस रुपये."

तो हसला, पैसे दिले, आणि डबा शर्टाच्या आत घालून पावसात गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याची काळजी नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी तो झाऱ्याचा भाव विचारायला आला, तिसऱ्या दिवशी पळीचा, चौथ्या दिवशी परातीचा, असं आठ-दहा दिवस, दर वेळी वस्तू उलटी करून बघत. घेतलं काहीच नाही. नाव बसवेश. अंबाजोगाईचा. बँकेचं कर्ज काढून जुना कॉम्प्युटर घेतलेला, आणि दुकानातल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर स्वतः लिहून ते विकायला तो केजमध्ये दारोदार फिरत होता. अजून कुणी दारात उभं केलं नव्हतं.

आता त्या खुणेचं सांगते. आमच्यासारख्या दुकानांत दहा अक्षरांचा एक शब्द ठरलेला असतो, एकेका आकड्याला एकेक अक्षर. वस्तू कितीला पडली ते त्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहायचं. दुकानदाराला कळतं, गिऱ्हाइकाला कळत नाही. आमचा शब्द आजोबांनी ठरवलेला. तो घराबाहेर सांगायचा नाही, जावयाला सुद्धा अक्षता पडल्यावरच. तुम्हालाही मी सांगणार नाही, उगं वाट बघू नका.

अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, आणखी दोन नेम होते. खरेदीवर रुपयाला दोन आणे, म्हणजे आठवा हिस्सा, नफा, त्याहून दमडी जास्त नाही. आणि एकदा लावलेली चिठ्ठी बदलायची नाही, ते पाप. शिवलिंगअप्पांचा धंदा सरळ आहे असं सगळा तालुका म्हणायचा. सरळ होताच. फक्त घरात पैसा राहत नव्हता, आणि तो का राहत नाही हे कुणालाच कळत नव्हतं.

अप्पांचे गुडघे गेले होते. अंबाजोगाईचे मोठे व्यापारी मोहनराव दुकान घ्यायला तयार होते, माल सगळा चिठ्ठीवरच्या खरेदीच्या भावात. अप्पांना वाटलं, देवमाणूस भेटला. माळ्यावरची पितळ धरून सगळं घेतो म्हणतो, आजकाल पितळ विचारतं कोण?

मला दुकान पाहिजे होतं. तसं मी अप्पांना तोंडावर सांगितलं सुद्धा. ते म्हणाले, "माय, तू उद्या लातूरला न्हाईतर सोलापूरला जाशील. अन् दुकानात हाय काय? तोटाच चालवणार का?" तोटा कुठं होतो ते मी रात्रभर वह्यांत शोधलं, सापडलं नाही. लई रडू आलं होतं मला.

मोहनरावांनी मालाची यादी मागितली. चाळीस वर्षांचं दुकान, हातानं यादी करायची तर महिना गेला असता. मीच म्हणलं, "तो कॉम्प्युटरवाला पाचशे रुपयांत करून दील." अप्पा तयार झाले, पण एका अटीवर. त्यानं वस्तू आणि नग लिहायचे, खरेदीचा रकाना आपण नंतर भरू.

म्हणजे बघा, दुकान मोडायच्या यादीसाठी मी त्याला बोलावला. वेडेपणाच की. पण आठ दिवस तो समोर बसणार होता, आणि मला तेवढं पुरे वाटलं.

कॉम्प्युटर जीपमधनं आला. पडदा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसवेश आणि त्याच्यावर रेललेले आणखी अकरा जण. वीज दुपारी जायची, म्हणून आम्ही सकाळी नोंदी करायचो आणि वीज गेली की भांडी मोजायचो. मी माळ्यावरनं ओरडून सांगायची, तो खाली वहीत लिहायचा.

"घागर, पितळी, मोठी, एकशे चाळीस."

"एवढ्या? कुणाच्या लग्नाला ठेवल्यात?"

"तुमच्या नसतील, लिवा गुमान."

पडद्यावर एकेका वस्तूपुढं तीन रकाने होते. कॉस्ट, प्राइस, व्हॅल्यू. मी म्हणलं, "तीन कावून? खरेदी अन् विक्री, दोन पुरे झाले की."

"पडत न्हाईत पुरे." त्यानं एक घागर उचलून मधे ठेवली. "खरेदी म्हंजे तवा तुमी दिलेले पैसे. विक्री म्हंजे तुमी मागता ते. अन् मोल म्हंजे... आज ही घागर गेली, तर तिच्या जागी दुसरी आणायला काय पडंल, ते."

"मंग तुमच्या आठ दिवसांचं मोल काय?"

"पाचशे ठरलेत ना."

"ती किंमत झाली."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोल इचारू नका," तो हळूच म्हणाला, "मला मोजाया येईना झालंय." मग आम्ही दोघंही बराच वेळ पळ्या मोजत राहिलो, आणि पळ्यांचा आकडा दोनदा चुकला.

तो तिसरा रकाना माझ्या डोक्यातनं जाईना. ती घागर त्र्याऐंशी सालची. चिठ्ठीवर म, म, स. म्हणजे एकशे बारा. अप्पा विकायचे एकशे सव्वीसला, नेमाप्रमाणे. पण आज?

आईचे डोळे दाखवायला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं. आईला रांगेत बसवलं, नंबर बासष्टावा. बाहेर बसवेश छत्री घेऊन उभा होता... मी येणार हे मीच त्याला सांगून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू?

छत्री एक. पाऊस तिरका. त्याचा डावा खांदा आणि माझा उजवा, दोन्ही भिजले, तरी मधे एक वीत अंतर ठेवून आम्ही चाललो. तीन दुकानांत घागरीचा भाव विचारला. तिन्हीकडं तीनशे साठ. चौथं दुकान मोहनरावांचं. गल्ल्यावर त्यांचा नोकर होता. मी घागर उलटी केली, तर बुडाला खरवडलेला कागद, आणि त्यावर अर्धवट राहिलेला स. अक्षर आमच्या अप्पांचं.

"हिचं काय घ्याल?"

"चारशे."

आमच्याकडनं एकशे सव्वीसला नेलेली घागर. पुढच्या कोपऱ्यावर मोडवाला होता. तो म्हणाला, पितळेची मोड ऐंशी रुपये किलो. तीन किलोची घागर नुसती वितळवली तरी दोनशे चाळीस होत होते. कोरी करकरीत घागर अप्पा मोडीच्या निम्म्या भावात विकत होते, आणि वर पुण्य लागतंय म्हणून समाधानात होते.

मी तिथंच एका पत्र्याच्या आडोशाला थांबले. "तोटा दुकानाचा न्हाई," मी म्हणलं, "तोटा चिठ्ठीचा हाय. सगळ्या मालाचा तिसरा रकाना भरायचा. किती भरतो ते अप्पांना दाखवायचं."

"पण पयला रकाना मोकळा हाय," तो म्हणाला. "खरेदी कळल्याबिगर फरक दिसंल कसा? अन् ते तर... घरच्यांनाच कळतं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कानाच्या पाळीवर एक थेंब लोंबत होता, पडतही नव्हता. मी पुढं झाले, आणि त्याच कानात आमचा दहा अक्षरांचा शब्द सांगून टाकला. त्यानं डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ उघडलेच नाहीत.

रविवारी मोहनराव पेढे आणि इसाराचे अकरा हजार घेऊन आले. आई आतल्या दारात उभी होती. क्षणभर उसंत नसलेल्या वेळी येतं तसं एक गिऱ्हाईकही आलं, कडूबाई, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लेकीच्या लग्नाला घागर पाहिजे होती. अप्पा म्हणाले, "जरा बसा." आणि पैशाला हात लावणार, तोच मी बसवेशच्या प्रिंटरवर छापलेला, कडेला भोकाभोकाची पट्टी असलेला लांब कागद त्यांच्यापुढं उलगडला.

"अप्पा, आधी हे बघा. चिठ्ठीवरची खरेदी एक लाख अठरा हजार. आजचं मोल दोन लाख चौऱ्याण्णव. मोहनरावांना तुमी पावणेदोन लाख फुकट द्यायला निघालात."

मोहनराव हसले. "कॉम्प्युटरचं काय खरं असतंय?"

पण अप्पा कागदाकडं बघतच नव्हते. ते बसवेशकडं बघत होते. "यानं खरेदी कशी वाचली?"

"मी शब्द सांगितला," मी म्हणलं.

"परक्या माणसाला?"

"परका न्हाई तो, अप्पा."

बोलून गेले, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. बसवेश कानापर्यंत लाल झाला, पण पुढं आला.

"अप्पा, त्यांच्यावर रागावू नका. मला आधीच म्हाईत हुता. डबा छत्तीसचा, तुमचा नफा रुपयाला दोन आणे, म्हंजे खरेदी बत्तीस. क तीन, स दोन. नऊ-दहा वस्तूंचे भाव इचारले की सगळी अक्षरं हातात. नफा ठरलेला अन् साऱ्या तालुक्याला ठावं, मंग खूण लपती कुठं?"

झारा, पळी, परात. मी त्याच्याकडं वळले. "मंग त्या दिवशी पावसात मला कावून सांगू दिलं?"

"तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

आईनं पदर तोंडाला लावला. हसू लपवायला, हे मला नंतर कळलं. अप्पा मात्र हळूच मोहनरावांकडं वळले. "मोहनराव, तुमाला बी वाचता येतं?"

मोहनराव पेढ्याच्या पुड्याची दोरी नीट करू लागले. "धंदा हाय अप्पा. तुमी मागितले तेवढे मी दिले."

"बराबर हाय. चूक माझी हाय." अप्पांनी इसाराचे पैसे उचलून त्यांच्या हातात ठेवले. "दुकान इकायचं न्हाई." मग गुडघ्यावर हात टेकून ते गादीवरनं उठले. चाळीस वर्षांत गिऱ्हाईक समोर असताना ते पहिल्यांदा उठले असतील. "ईश्वरी, बस हितं. बाईला भाव सांग."

मी बसले. "तीनशे साठ, मावशी."

कडूबाईनं घागर वाजवून बघितली, बुडाला बोट फिरवलं. "आंबेजोगाईला चारशे म्हणले. साडेतीनशे घे, लेकीचं लगीन हाय."

साडेतीनशेला दिली. कडूबाई खूश, मी खूश. मोहनराव कधी गेले ते कुणी बघितलंच नाही.

मग बसवेश वायरी गुंडाळायला लागला. एकच वायर त्यानं चार वेळा गुंडाळली आणि चार वेळा सोडली.

"परका न्हाई म्हणलात..." तो म्हणाला, "ते अप्पांना गप करायला का..."

"मला तसलं बोलता येत न्हाई. तुमी आवडता मला. लई आवडता. पण एक सांगते, हे दुकान सोडून मी कुठं येणार न्हाई."

"या म्हणलंय कुणी?" त्यानं वायर परत सॉकेटात खोचली. "कॉम्प्युटर हितं हाय, तुमी हितं हाव. मी कुठं जाऊ आता?"

दुकानातल्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आम्ही दोघांनी मिळून पंधरा दिवसांत काढल्या. माघात लग्न ठरलं. लग्नाच्या आधी आठ दिवस अप्पा काठी टेकत दुकानात आले, आणि गिऱ्हाइकासारखे समोरच्या बाजूला उभे राहिले. लेकीच्या रुखवताची भांडी घ्यायची होती. घागर, परात, समया, तपेली, सगळं वाजवून घेतलं. बसवेशनं बिल छापलं, मी पुढं ठेवलं.

"खरेदीच्या भावात दे की, माय," अप्पा म्हणाले. "लेक हाय माझी."

"आजचा भाव, अप्पा."

मग त्यांनी बंडीच्या खिशातनं पैसे काढले, पूर्ण मोजून दिले, आणि "पोरीनं बापाला एक रुपाया सोडला न्हाई" असं साऱ्या बाजारपेठेला ऐकवत, मान वर करून घराकडं गेले.