ओवाळणीचा कागद

या, पुढे सरकून बसा. मृदंगाला कणीक लावून होईपर्यंत एक गोष्ट सांगतो. हरीचं नाव घ्यायचंच आहे. आधी एका बहिणीचं घेऊ.

भाऊबीज होती. नेरळच्या भाड्याच्या खोलीत जनाने धाकट्या भावाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, निरांजन ओवाळायला घेतलं... आणि सहदेवने ताटात नोटेऐवजी घडी घातलेला कागद ठेवला. हक्कसोडपत्र.

"सही कर, तायडे. मोठा क्रशर घेतोय. दिसाला आठ डंपर खडी निघते, ती वीसवर न्यायची हाय. बँकेला बापाचं घर आणि खालची जमिनीची पट्टी गहाण पायजे, आणि सातबाऱ्यावर तुझं नाव हाय."

खालापूरजवळची त्याची दगडखाण लहान, पण रस्त्याच्या ठेकेदाराने मोठी मागणी दिली होती.

जनाच्या अंतःकरणात मात्र तिचा नवरा नामा उभा राहिला. चालत्या डंपरला जोडीला दुसरा हवा म्हणून त्याने घर गहाण टाकलं. डंपर गेले, घर गेलं, आणि त्या घोरात नामाही गेला. सारं ओठांशी आलं... पण हातात निरांजन होतं. भावाला ओवाळताना त्याच्या कामाचं अशुभ कसं बोलायचं? दिव्यासमोर निघालेला शब्द खरा होतो, ही आईची शिकवण.

"घर तेवढं राहू दे रं," एवढंच ती म्हणाली.

"म्हंजे वाटा पायजे तुला. सरळ सांग की."

"तसं समज."

तो न जेवता उठला. कागद ताटातच राहिला.

वैशाखात जनाच्या लेकीचं, नम्रताचं लग्न झालं. मामा आला नाही. कुणी म्हणालं, "चुलतभावाला उभा करा मामा म्हणून."

"जागा त्याची हाय," जना म्हणाली. "राहू दे रिकामी."

नवरीच्या पाठीमागची ती रिकामी जागा साऱ्या मांडवाने पाहिली. बापाच्या घरावर डोळा ठेवला, भाऊ गमावला, असं बायका कुजबुजल्या. जनाने ऐकलं आणि पाहुण्यांना पान वाढलं.

इकडे सहदेवने एका सावकारी कंपनीकडे खाणच तारण ठेवून, चढ्या व्याजाने मोठा क्रशर आणला. पण विजेचा वाढीव भार मंजूर व्हायचा होता. मागणी हातची जाऊ नये म्हणून त्याने क्रशर जनरेटरवर चालवला. डिझेल रोखीने, ठेकेदाराचे पैसे तीन महिन्यांनी... जितकी जास्त खडी निघे, तितका तो खोल जाई. मधली एक भाऊबीज तशीच सरली. दुसऱ्या वर्षी नवरात्र संपताना खाण आणि मोठा क्रशर दोन्ही त्या कंपनीने ताब्यात घेतले.

उरलं घर, खालची पट्टी, आणि तिथे उभा असलेला जुना लहान क्रशर.

"घर आणि पट्टी का उरली, एवढं तरी ध्यानात घ्या," बायको विनिता म्हणाली. "वन्संनी सही केली असती, तर आज चूल रस्त्यावर असती."

भाऊबिजेला तो नेरळला आला, दाराशीच उभा राहिला. पाट मांडलेला होता. मागच्या वर्षीही मांडला होता.

जनाने ओवाळलं, निरांजन खाली ठेवलं, आणि डब्यातून तोच कागद काढला. खाली तिची सही होती.

"घे. गहाण टाकायची हौस आता फिटली असंल."

सहदेव हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. "तायडे... नमूच्या लग्नात मी..."

"तुझी जागा कुणाला दिली नाय. बस."

त्याने कागदाचे चार तुकडे केले. "तुझं नाव राहू दे सातबाऱ्यावर. त्यानंच छप्पर धरून ठेवलं. पण तेवा बोलली का नायस गं?"

"हातात दिवा होता रं."

तर मंडळी, पुढच्या भाऊबिजेला पाटावर बसाल, आणि ओवाळता ओवाळता बहीण काही बोलायची थांबेल... तेव्हा घटकाभर जनाला आठवा.